आधी शिस्त, मग नेम

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्याच्या कांबळवाडी गावचा स्वप्नील कुसाळे पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदकाचा मानकरी ठरला आणि महाराष्ट्राची बहात्तर वर्षांची प्रतीक्षा संपली. १९५२ साली हेलसिंकी येथे पैलवान खाशाबा जाधव यांनी मिळविलेल्या पदकानंतर वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मराठी मुलखात पुन्हा आले ते बंदुकीच्या नळीतून. त्याच स्पर्धेत मनू भाकर हिने पिस्तुलाने दोन पदके मिळविली. त्याआधी २००८ साली बीजिंगमध्ये अभिनव बिंद्राने दहा मीटर एअर रायफलमध्ये भारताला पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिले होते. या यशाचा जो परिणाम व्हायचा तो झाला आहे. एके काळी मुलाच्या हाती बंदूक देण्याच्या कल्पनेनेच दचकणारी मध्यमवर्गीय घरे आज त्याच मुलाचा हात धरून नेमबाजीच्या वर्गाची चौकशी करीत आहेत. ही गोष्ट आनंदाची आहे, यात शंका नाही. मात्र त्या आनंदात एक प्रश्न विचारावयाचा राहून जातो, म्हणून हा लेखनप्रपंच.

हा खेळ महाराष्ट्राला नवा नाही. लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर हे १९५१ साली स्थापन झालेल्या नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाचे संस्थापक-अध्यक्ष होते, आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या हजारो मुलामुलींना आजही ज्या स्पर्धेतून पुढे जावे लागते ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. अंजली भागवत यांनी एनसीसीतून या खेळात पाऊल टाकले आणि २००० साली सिडनी ऑलिम्पिकची अंतिम फेरी गाठली. सुमा शिरूर, दीपाली देशपांडे यांनी आधी पदके मिळविली आणि नंतर शिष्य घडविले. कुसाळे हा दीपालीताईंचाच शिष्य. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिक येथे विश्वविजेतेपद मिळविले, तर राही सरनोबतने २०१८ साली आशियाई स्पर्धेचे सुवर्णपदक. वरळीची रेंज, बालेवाडीचे संकुल ही नावे नेमबाजांच्या घरी तीर्थक्षेत्रांसारखी उच्चारली जातात. तेव्हा परंपरा आहे, गुरू आहेत, गुणवत्ताही आहे. प्रश्न आहे तो या परंपरेची शिस्त गावोगावच्या नव्या, लहान, बंदिस्त दालनांपर्यंत पोहोचते आहे की नाही, हा.

आमच्या स्वतःच्या अनुभवापासूनच आरंभ करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. काही काळापूर्वी एका जिल्ह्याच्या ठिकाणी अशाच एका नव्या इनडोअर रेंजच्या उद्‌घाटनास जाण्याचा योग आला. गावाचे वा संस्थेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. दीपप्रज्वलन झाले, नारळ फुटला, आणि प्रमुख पाहुण्यांनी एक नेम साधावा असा आग्रह झाला. पाच मुले प्रात्यक्षिकासाठी आधीच आपापल्या जागी उभी होती. आम्ही रायफल हाती घेतली आणि छायाचित्रकाराने हाक मारताच, जसा कोणताही अजाण माणूस करील तसे, बंदुकीसकट त्याच्याकडे वळलो. त्याच क्षणी शेजारच्या जागेवरून बारा-तेरा वर्षांच्या एका मुलीचा आवाज आला, ‘स्टॉप! काका, नळी समोर ठेवा!’ पाचही मुलांनी शस्त्रे खाली ठेवली. दालनात विलक्षण शांतता पसरली. आम्ही ओशाळलो, ते योग्यच झाले. पण त्यानंतर जे घडले ते योग्य नव्हते. संयोजकांपैकी एक गृहस्थ त्या मुलीवर डोळे वटारून म्हणाले, ‘पाहुण्यांशी असे बोलतात का?’

त्या दालनात त्या क्षणी नेमबाजी कोणाला येत होती, असे विचारले तर उत्तर एकच आहे: त्या मुलीला. आणि त्या मुलीला गप्प करणाऱ्या वृत्तीच्या हाती रेंजचा कारभार असेल, तर चिंता करण्यास जागा आहे.

बंदिस्त रेंजवरील सारे नियम एकाच सूत्रातून निघतात. शस्त्र भरलेले आहे असे धरूनच ते हाताळावयाचे आणि त्याची नळी सदैव लक्ष्याच्या दिशेला ठेवावयाची. ‘रिकामी आहे हो!’ हे तीन शब्द जगातील अगणित अपघातांच्या आधी उच्चारले गेले असतील. म्हणून आंतरराष्ट्रीय नियमांनी माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवलेला नाही. नळी रिकामी असल्याची खूण दिसली पाहिजे, म्हणून भडक केशरी किंवा तशाच ठळक रंगाची एक लवचीक दोरी, जिला ‘सेफ्टी फ्लॅग’ म्हणतात, ती शस्त्रात घातलेली असते. एअर रायफल किंवा एअर पिस्तुलाच्या बाबतीत ती संपूर्ण नळीतून आरपार जाऊन दुसऱ्या टोकाला बाहेर दिसावी लागते. छर्रा आत असेल तर दोरी जाणारच नाही. साधी युक्ती, पण तिच्यात वाद घालायला जागा नाही. पेटीतून शस्त्र बाहेर निघते ते दोरीसह, आणि अधिकाऱ्याने तपासल्यावर पेटीत परत जाते तेही दोरीसह. ती काढावयाची केवळ नेमरेषेवर, आणि तीही आज्ञा मिळाल्यावर. ही दोरी फार तर काही रुपयांची असते. एखाद्या रेंजवर ती दिसली नाही, तर तेथील भिंतीवरची पदकविजेत्यांची भव्य छायाचित्रे पाहून भुलण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट आज्ञेची. ‘लोड’, ‘स्टार्ट’, ‘स्टॉप’, ‘अनलोड’ या चार शब्दांवर सगळी रेंज चालते. ‘स्टॉप’ म्हटल्यावर आणखी एक नेम साधून घेऊ, हा विचार मनात येण्यापूर्वी बोट चापावरून दूर झालेले असावे लागते. स्पर्धेत अशा वेळी सुटलेला छर्रा गुणपत्रिकेत शून्य ठरतो. आज्ञेबाहेरच्या वर्तनासाठी खेळाडू अपात्रही ठरू शकतो. शाखेच्या मैदानावर ज्यांनी बालपणी ‘दक्ष’ ऐकले आहे, त्यांना आज्ञा आणि कृती यांत विचाराला फट का ठेवायची नसते हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. मात्र येथे एक महत्त्वाचा भेद आहे. ‘स्टार्ट’ म्हणण्याचा अधिकार एकट्या अधिकाऱ्याचा. ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार मात्र, चांगल्या रेंजवरील रीतीनुसार, ज्याला धोका दिसेल त्या प्रत्येकाचा असतो; मग ते काल दाखल झालेले पोर का असेना. त्या उद्‌घाटन समारंभातील मुलीने हाच अधिकार बजावला होता.

आता हे सारे इतके काटेकोरपणे कशासाठी, असे कुणी विचारील. शेवटी एअर रायफल म्हणजे हवेवर चालणारे खेळणेच ना! खेळणे नव्हे. साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने, म्हणजे ताशी सहाशे किलोमीटरच्या गतीने नळीतून बाहेर पडतो. दहा मीटरवरील लक्ष्यातील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो, म्हणून खेळाडूचे सारे भान त्या एका टिंबावर एकवटलेले असते. त्याच्या समोर कोणी आडवे आले तर त्याला ते दिसेलच असे नाही. एवढ्या अंतरावरून डोळा कायमचा जाण्यास तो छर्रा पुरेसा आहे. टणक पृष्ठभागावर आदळून उलटलेला तुकडाही डोळ्याला इजा करतो, म्हणून लक्ष्यामागे छर्रा झेलणारी योग्य पेटी हवी. नुसती प्लायवूडची फळी किंवा भिंतीला टेकवलेला पत्रा नव्हे.

मोठ्या संकुलांत इलेक्ट्रॉनिक लक्ष्ये असल्याने नेमरेषेच्या पुढे जाण्याची वेळच येत नाही. लहान गावांतील रेंजवर मात्र अजून कागदी लक्ष्ये असतात. ती दोरीच्या कप्पीने मागे-पुढे सरकविण्याची सोय असेल तर ठीक. नसेल तर दर काही फैरींनंतर कोणीतरी दहा मीटर चालत जाऊन कागद बदलतो, आणि धोका नेमका तेव्हा असतो. कोणीही रेषेच्या पुढे असताना मागे कोणाचाही हात शस्त्राला लागता कामा नये. नेम धरून पाहणे नाही, पट्टा घट्ट करणे नाही, शस्त्र उचलून पुसणेही नाही. सर्वांनी दोन पावले मागे यावे, अधिकाऱ्याने एकेक जागा पाहावी आणि मगच पुढे जाण्याची परवानगी द्यावी. यात दोन मिनिटे जातात. शिकवणीच्या तासाला चाळीस मुले कोंबली असतील तर ती दोन मिनिटे परवडत नाहीत, हे खरे दुखणे आहे.

लक्ष विचलित होण्याची किंमत थोर खेळाडूंनाही मोजावी लागली आहे. २००४ सालच्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स पन्नास मीटर रायफलच्या अंतिम फेरीत आघाडीवर होता. शेवटचा नेम तेवढा बाकी. त्याने तो साधला, उत्तम साधला, पण शेजारच्या खेळाडूच्या लक्ष्यावर! गुण शून्य, सुवर्णपदक हातचे गेले आणि तो आठव्या स्थानी फेकला गेला. (त्या दिवशी त्याचे सांत्वन करावयास आलेली चेक प्रजासत्ताकाची नेमबाज पुढे त्याची पत्नी झाली, हा भाग निराळा.) आपल्या जागेचा क्रमांक आणि समोरच्या लक्ष्याचा क्रमांक प्रत्येक वेळी जुळवून पाहावा, ही नवशिक्यांना पहिल्याच दिवशी दिली जाणारी सूचना किती मोलाची आहे, हे एमन्सला विचारावे.

आवाजाचा मुद्दा थोडक्यात सांगता येईल. एअर रायफलचा आवाज कानाला फारसा त्रास देत नाही. पण जेथे पॉइंट टू टू बोअरची काडतुसे बंदिस्त जागेत झाडली जातात, तेथे कानांवर मफ असल्याशिवाय आत पाऊलही टाकू नये. प्रेक्षकांनीही नाही.

शिशाविषयी मात्र अधिक बोलले पाहिजे, कारण तो धोका दिसत नाही आणि त्याचा आवाजही होत नाही. छर्रे शिशाचे, ते बोटांनी उचलून नळीत ठेवावयाचे, शेकडो वेळा. छर्रे झेलणाऱ्या पेट्यांत त्यांचा चुरा साठतो. काडतुसांच्या रेंजवर तर प्रत्येक बारासोबत शिशाचे सूक्ष्म कण हवेत मिसळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रक्तातील शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित म्हणता येत नाही, आणि पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मुलांचे शरीर प्रौढांच्या चार-पाच पट अधिक शोषून घेते. त्याचा घाला होतो तो मेंदूवर, एकाग्रतेवर. म्हणजे ज्या गुणासाठी आपण मुलाला या खेळात घातले नेमक्या त्याच गुणावर. उपाय मात्र अगदी घरगुती आहेत. रेंजवर डबा उघडू नये, पाण्याची बाटली नेमरेषेवर छर्ऱ्यांच्या डबीशेजारी ठेवू नये, सराव संपताच साबणाने हात व तोंड धुवावे आणि मगच खाऊला हात लावावा. घरी आल्यावर कपडे बदलावेत. छर्रे ओठांत धरून ठेवण्याची वाईट सवय काही मुलांना लागते, ती पहिल्याच दिवशी मोडली पाहिजे. आणि रेंज झाडताना कोरडा केरसुणीचा हात फिरवू नये. ओल्या फडक्यानेच पुसावे, नाहीतर खाली बसलेली शिशाची धूळ पुन्हा हवेत उडते. हवा खेळती हवी, आणि काडतुसांच्या रेंजवर ती नेमबाजाच्या पाठीकडून लक्ष्याकडे वाहून बाहेर जाईल अशी व्यवस्था हवी. उलट दिशेने लावलेला एक पंखा सर्व धूळ मुलांच्या तोंडावर आणून सोडतो. तळघरात, जुन्या गोदामात किंवा मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत रेंज सुरू करणाऱ्या किती जणांनी याचा विचार केला असेल? तळघरांत भरणाऱ्या शिकवणी वर्गांचे काय होऊ शकते हे २०२४ सालच्या जुलैत दिल्लीने पाहिले आहे. तेथे एका तळघरातील अभ्यासिकेत पाणी शिरून तीन विद्यार्थी बुडाले.

हवेच्या सिलिंडरबाबतही असेच दुर्लक्ष होते. आधुनिक एअर रायफलच्या सिलिंडरमध्ये दोनशे बारपर्यंत दाबाने हवा भरलेली असते. मोटारीच्या चाकात ती दोन-सव्वादोन बार असते, यावरून कल्पना यावी. या सिलिंडरला मुदत असते, ती त्यावर कोरलेली असते, आणि आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ती पाळण्याची जबाबदारी स्वतः खेळाडूची असते. जुन्या बाजारातून स्वस्तात घेतलेल्या रायफलचा सिलिंडर मुदतबाह्य निघणे अगदी संभवनीय आहे. २०२५ साली आपल्याच देशातील एका होतकरू पिस्तूल नेमबाजाने सिलिंडरच्या स्फोटात डाव्या हाताचा अंगठा गमावला. हवा भरण्याचे काम पोराटोरांवर सोपवू नये, हे सांगावे लागावे हीच खंत आहे.

आता शिष्टाचाराकडे वळू. रेंजवर दुसऱ्याच्या शस्त्राला त्याच्या अनुमतीवाचून हात लावीत नाहीत. नेम धरलेल्या खेळाडूच्या मागे घुटमळत नाहीत, त्याच्याशी बोलत नाहीत, ‘छान! दहा आला!’ असे कानाशी ओरडत नाहीत. भ्रमणध्वनी मूक ठेवतात, फ्लॅशचा प्रकाश पाडीत नाहीत. हल्ली मोठ्या स्पर्धांत संगीत वाजविले जाते, अंतिम फेरीत प्रेक्षकांच्या टाळ्याही चालतात, हे खरे. पण तो सरावलेल्यांचा सोहळा आहे, शिकणाऱ्यांची शाळा नव्हे. अनुभव असा की मुले हे सर्व पंधरा दिवसांत शिकतात. शिकत नाहीत ते पालक. काचेपलीकडून हातवारे करणारे वडील, प्रत्येक फैरीनंतर गुण विचारणारी आई, आणि समाजमाध्यमांवर टाकण्यासाठी मुलाला रायफल कॅमेऱ्याकडे रोखावयास सांगणारे मामा हे प्रत्येक रेंजच्या प्रशिक्षकाच्या परिचयाचे आहेत. घरी सराव करणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर ही जबाबदारी सर्वस्वी पालकांचीच ठरते. शस्त्र कुलपात, छर्रे दुसऱ्या कुलपात. दिवाणखान्यात पाहुण्यांना दाखविण्यासाठी ते बाहेर निघू नये.

कायद्याची स्थिती समजून घेतली पाहिजे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने बंदुकीच्या परवान्यासाठी एकवीस वर्षांची अट घातली आहे आणि बारा वर्षांवरील मुलांना देखरेखीखाली नेमबाजीच्या सरावाची मुभा ठेवली आहे. परंतु वीस ज्यूलच्या आतील, साडेचार मिलिमीटरच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. खेळाच्या प्रसारासाठी ही सवलत उपकारक आहे, ती काढून घ्यावी असे आमचे म्हणणे नाही. पण तिचा दुसरा अर्थ असा की दहा-बारा मीटर लांबीची खोली आणि चार रायफली असल्या की कोणीही ‘अकादमी’ची पाटी लावू शकतो. पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक आहे का, हे आपण विचारतो. येथे प्रशिक्षित रेंज ऑफिसर आहे का, हे कोण विचारणार? राज्याच्या क्रीडा खात्याने रायफल संघटनेच्या साहाय्याने अशा सर्व रेंजची नोंदणी करावी, छर्रे झेलणाऱ्या पेट्या, हवा, बाहेर पडण्याचे मार्ग आणि अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण यांची वर्षातून एकदा पाहणी करावी आणि पाहणीचा दाखला दाराशी लावणे बंधनकारक करावे. यासाठी नवा कायदा लागणार नाही; इच्छा लागेल.

शस्त्र म्हटले की आवेश, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. ती आपल्या पूर्वजांची मात्र नव्हती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडांविषयीचे जे प्रकरण आहे, त्यात दारूखान्याची व्यवस्था किती बारकाईने सांगितली आहे! दारूखाना राहत्या घरापासून दूर असावा, हवालदाराने ठरावीक दिवसांनी स्वतः जाऊन पाहणी करावी, दारूला ऊन द्यावे, राखणीला माणसे असावीत आणि परवानगीवाचून कोणाला आसपास फिरकू देऊ नये. स्वराज्याचा अमात्य ओलावा, ऊन आणि कुलपाचा विचार करीत होता. आणि आज? काही प्रांतांत वरातीत हवेत बार काढणे हा प्रतिष्ठेचा भाग झाल्याने २०१९ साली संसदेला शस्त्र अधिनियमात दुरुस्ती करून त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा लिहावी लागली.

आणि आपल्या स्वतःच्या अंगणाकडेही पाहू. विजयादशमीच्या शस्त्रपूजनात परवानाधारक बंदुका पाटावर मांडल्या जातात. पूजा झाली की त्या हातोहात फिरतात, छायाचित्रे निघतात, आणि बहुतेक छायाचित्रांत नळी कुठल्या ना कुठल्या कार्यकर्त्याच्या छातीकडे असते. हे दृश्य ज्यांनी पाहिले नाही असे वाचक थोडेच असतील. ज्या शस्त्राला आपण हळद-कुंकू वाहिले, ते पाटावर ठेवण्यापूर्वी जाणत्याने उघडून, रिकामे करून, दोघांनी पाहून, त्यात केशरी दोरी घालून ठेवावे, आणि विसर्जनानंतर ते केवळ धन्याच्याच हाती जावे, एवढा पायंडा यंदाच्या दसऱ्यापासून प्रत्येक ठिकाणी पाडता येईल.

त्या उद्‌घाटनाचा राहिलेला भाग सांगावयाचा आहे. समारंभ आटोपल्यावर आम्ही संयोजकांना विनंती करून त्या मुलीला भेटावयास गेलो. ती आपल्या पेटीपाशी गुडघ्यावर बसली होती. आम्ही जवळ आल्याचे तिच्या लक्षात आले, पण तिने मान वर केली नाही. रायफलचा बोल्ट उघडा आहे हे तिने पाहिले, दोरी नळीतून दुसऱ्या टोकापर्यंत गेल्याची खात्री केली, प्रशिक्षकांनी मान हलवल्यावर पेटीचे झाकण लावले, आणि मग उठून, घाबरत घाबरत, नमस्कार केला. ‘काका, रागावलात का?’ असे तिने विचारले. संयोजक महाशय शेजारीच उभे होते. आम्ही त्यांच्याकडे पाहून म्हणालो, पुढच्या पाहुण्यांच्या हाती रायफल देण्याआधी त्यांना नियम समजावून सांगण्याचे काम हिच्याकडेच द्या.